दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस: कोकणातल्या घराला कितपत पुरतो?

गोठ्यात रात्री सहा-सात गुरं बांधली जात असतील आणि रोज शेण कालवायला घरात कुणीतरी असेल, तर हा बायोगॅस जरूर बांधावा. गुरं तीनच असतील तर एक घनमीटरचा बांधा, मग घरात माणसं कितीही असोत. बंद पडलेलं संयंत्र बघायला गेलं की बहुतेक वेळा हेच निघतं: आकार खाणाऱ्या तोंडांवरून ठरवलेला असतो, शेणावरून नाही.

कागदावर दोन घनमीटरला, म्हणजे रोज तेवढा गॅस देणाऱ्या संयंत्राला, रोज ५० किलो शेण लागतं आणि एका जनावरामागे १० किलो धरतात. हा हिशोब दिवसभर दावणीला असलेल्या मोठ्या जनावराचा. कोकण कपिलासारखं लहान चणीचं गुरू दिवसभर सड्यावर, म्हणजे कातळी माळावर चरतं, दिवसाचं शेण तिकडेच पडतं आणि आपल्या हाती येतं ते फक्त रात्रीचं. म्हणून आठवडाभर शेण घमेल्याने मोजा, मग आकार ठरवा.

दीनबंधू हा नमुना ॲफप्रो या संस्थेने १९८४ साली आणला. जमिनीखाली विटांचा घुमट, त्यातच शेण कुजतं आणि त्यातच गॅस साठतो. जुन्या नमुन्यातली तरंगती लोखंडी टाकी किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजते; इथे ती टाकीच नाही, आणि कोकणासाठी हा फार मोठा गुण आहे. फायबरचे तयार घुमट लवकर बसतात, पण हलके असल्यामुळे जमिनीत पाणी चढलं की वर उचलले जातात. जमिनीवर ठेवायच्या पिशव्या एका दिवसात लागतात, मात्र उंदीर, गुरांचे खूर आणि माडावरून पडणारा नारळ यांच्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

बांधकाम पाऊस संपून जमीन सुकल्यावर काढा आणि मेअखेरीच्या आत संयंत्र भरून ठेवा. रिकाम्या घुमटाला आषाढात चढलेल्या पाण्याचा दाब खालून बसतो आणि तळ किंवा सांधा तडकतो. जागा गोठ्याजवळ, उन्हात आणि विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवी. माड, फणस, वड यांच्या मुळांच्या टप्प्यात नको, मुळं सांध्यात शिरतात. स्वयंपाकघर २० मीटरच्या आत असलं तर बरं, कारण या गॅसला दाब कमी असतो. कातळावर खड्डा मारायचा खर्च बांधकामाच्या बरोबरीने जाऊ शकतो, तेव्हा परड्यात मातीची जागा शोधा.

पहिल्या भरणीला साधारण २,००० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेजारच्या गोठ्यांतून गोळा करा, थोडंथोडं घालत बसू नका. चालू संयंत्रातली दोन-चार घमेली रबडी, म्हणजे कुजलेलं पातळ शेण, मिळाली तर गॅस लवकर धरतो. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो पेटवून न बघता बाहेर सोडून द्यावा.

रोजचं काम कालवणकुंडीत. शेण आणि पाणी समसमान, आणि हात घालून चुरायचं. पेंढ्याच्या काड्या, झावळीचे तुकडे, जांभ्याचे खडे बोटांना लागतील ते सगळे काढून टाकायचे. काड्या वर तरंगून साय धरतात आणि गॅस अडतो, खडे-माती तळाशी बसून जागा खातात. गोठा फिनेलने धुतलात तर ते पाणी चुकूनही कुंडीत जाऊ देऊ नका; गॅस करणारे जिवाणू मरतात. पागोळ्यांचं पाणीही तसंच, रबडी पातळ झाली की गॅस घटतो. थंडीचा त्रास मात्र आपल्याकडे नाही. देशावर गारठ्यात गॅस बराच कमी होतो, इथे थोडाच.

पावसात ज्योत लुकलुकायला लागली तर संयंत्राला दोष देऊ नका. पाइपात पाणी साचलेलं असतं. पाइपाला सबंध लांबीत उतार हवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक हवा. ज्योत पिवळी आणि भांडं काळं पडत असेल तर शेगडीला हवा कमी मिळते, हवेची चकती थोडी उघडा. शेगडी बायोगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक या गॅसला बारीक पडतं. दर महिन्याला सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती बघा.

एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. पुरेसं शेण पडलं तर एक शेगडी रोज चार तास चालते. पेज, भात, घावणे, माशाचं कालवण, पाच-सहा माणसांचं सगळं होतं. न्हाणीचं पाणी आणि उकड्या तांदळासाठी भात उकडणं याच्यावर होत नाही, त्याला लाकूड लागणारच. विकणारे हे सांगत नाहीत, पण सांगायला हवं. तरीही चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर जातो, आणि एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च योग्य आहे. रानातल्या फेऱ्या कमी होतात तेही आलंच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती, आणि तो ताप पसरवणाऱ्या गोचिडी रानातल्या पाल्यापाचोळ्यातच असतात.

‘शेण गॅसला घातलं तर तरव्याला काय?’ हा प्रश्न रास्त आहे. भाजावळीत, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन शेण-पाचोळा पसरून भाजताना, शेणातलं नत्र जळून जातं, रबडीत ते राहतं. पोफळीच्या, माडाच्या आळ्यात रबडी ओलीच सोडा किंवा पाचोळ्याबरोबर सावलीतल्या खड्ड्यात कुजवा. उन्हात वाळवलीत तर नत्र उडून जातं.

रबडी बाहेर पडायच्या कुंडीवर फरशी कायम हवी, पोरं आणि वासरं पडतात. आणि साफसफाईला संयंत्रात कुणालाही उतरवू नका. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. माणूस जागीच कोसळतो आणि काढायला उतरलेलाही.

अनुदानाची चौकशी खड्डा मारण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. नुसता घरं बांधणारा गवंडी चालणार नाही, घुमटाचं आतलं प्लास्टर जमलेलाच हवा, कारण केसाएवढ्या भेगेतूनही गॅस जातो. त्याने बांधलेलं, दोन पावसाळे काढलेलं एखादं संयंत्र दाखवायला सांगा, आणि तिथे शेगडी पेटवून बघितल्याशिवाय विसार देऊ नका.