पुणे ते नागपूर: विमानाचा सव्वा तास आणि बाकीचे तास

हवेतून सरळ मोजलं तर पुण्याहून नागपूर साधारण ६०० किलोमीटर. रेल्वेने तेच ८८०च्या आसपास भरतं, कारण गाडी आधी दौंडला जाते, तिथून अहिल्यानगर करत मनमाडपर्यंत वर चढते आणि मग कुठे भुसावळ, अकोला, वर्धा असं पूर्वेला वळते. रस्ता या दोन्हींच्या मधला.

तिकिटावर विमानाचे सव्वा ते दीड तास दिसतात. पण ते लोहगावच्या पुणे विमानतळापासून मोजलेले. हिंजवडीत राहणाऱ्याने संध्याकाळच्या विमानासाठी घर ते विमानतळ दीड तास धरावाच. सामान द्यायचं असेल तर काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे पोचायचं त्याहीआधी. उतरल्यावर बॅग येईपर्यंत अर्धा तास. नागपूरचं विमानतळ शहरातच, वर्धा रोडला लागून, त्यामुळे तिकडे पुढचा प्रवास किरकोळ. तरी दारापासून दारापर्यंत पाच तास जातातच. विमानतळाजवळच्या खराडी किंवा विमाननगरवाल्यांचं गणित वेगळं. त्यांनी तिकीट परवडत असेल तर फार विचार करू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी (नागपुरातलंच स्टेशन)–पुणे वंदे भारत सुरू झाली. सुमारे बारा तास, आठवड्यातले सहा दिवस. गाडी छान आहे, पण पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी पोचते, म्हणजे अख्खा दिवस खुर्चीत. आईवडील सोबत असतील तर ठीक. नोकरदाराने त्यापेक्षा रात्रीची गाडी बघावी.

रात्रीची ट्रॅव्हल्स बारा-चौदा तास घेते, पण झोपेतच. संभाजीनगरपुढे समृद्धी महामार्ग लागला की बस सुसाट. खरी कटकट त्याआधी, वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत. माझ्या मते तास मोजण्यापेक्षा कामाचा किती दिवस बुडतो ते मोजावं. विमानात अर्धा बुडतो, वंदे भारतमध्ये पूर्ण, स्लीपर बसमध्ये एकही नाही. अर्थात, बसमध्ये झोप लागत असेल तर! माझी पाठ तरुण होती तेव्हा मी बसच्या बाजूने भांडायचो. आता सेलमधलं विमानाचं तिकीट दिसलं की काढतो.

सामानाचंही बघा. विमानाच्या साध्या तिकिटात बहुधा १५ किलो आणि हातात ७. येताना संत्र्यांची पेटी आणायची असेल तर रेल्वेच बरी.

गाव अकोला किंवा बडनेऱ्याकडे असेल तर विमानाचा विषयच सोडा. नागपूरला उतरून पुन्हा मागे यायचं, यात वाचलेला वेळ तिथेच संपतो.

दिवाळीत हा सगळा हिशेब कोलमडतो. ट्रॅव्हल्सची भाडी आभाळाला भिडतात, विमानाचं तर विचारूच नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. त्या दिवशी पावणेआठलाच लॉगिन करून बसा.