दिवस आणि रात्रपाळीची सामाईक रुग्णनोंद: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी रात्रपाळीचा डॉक्टर आहे आणि गेले आठ महिने दिवसाच्या डॉक्टरांनी ठेवलेली रुग्णनोंद मला रात्री संगणकावर पाहता येते. पूर्वी रुग्ण सांगेल तेवढीच माहिती हाती असे, आणि 'रक्तदाबाची छोटी पांढरी गोळी' एवढ्यावरून औषध ओळखण्याची वेळ वारंवार येई. आता औषधे, अ‍ॅलर्जी आणि अलीकडचे तपासणी अहवाल समोर असतात. पण खरा फरक पडला आहे तो दिवसाच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी मुद्दाम लिहून ठेवलेल्या दोन-तीन ओळींनी.

एकदा रात्री अडीचच्या सुमारास कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील एका आजोबांच्या मुलीचा फोन आला. धाप वाढली होती आणि त्यांना रुग्णालयात हलवावे की नाही, हे तिला सुचत नव्हते. नोंदीत त्याच आठवड्यात लिहिलेले होते की, घरीच राहण्याची रुग्णाची इच्छा असून कुटुंबाशी बोलणे झाले आहे आणि धाप वाढल्यास द्यायचे मॉर्फिन घरी आणून ठेवले आहे. खाली मात्राही होती. त्या घाबरलेल्या मुलीला सगळा आजार पहिल्यापासून सांगायला लावावे लागले नाही, आणि आजोबांना आपल्याच खाटेवर आराम पडला. पाळी बदलताना माहिती सोपवण्याची 'आय-पास' पद्धत नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत वापरली गेली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यातही 'असे झाले तर काय करायचे' हा स्वतंत्र भाग आहे, तो का, हे मला त्या रात्री पटले.

औषधांच्या यादीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे, कारण बंद केलेले औषध कोणी हाताने काढेपर्यंत ते चालूच दिसते. एका आजींच्या नावापुढे वॉरफरिन आणि अपिक्साबॅन, अशी रक्त गोठू न देणारी दोन्ही औषधे होती. दाताच्या गळवावर मेट्रोनिडाझोल द्यायचे होते आणि त्याने वॉरफरिनचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो, म्हणून सुनेला घरातली पाकिटे एकेक करून फोनवर वाचायला लावली, तेव्हा वॉरफरिन महिन्यापूर्वीच थांबवल्याचे कळले. यादीत प्रत्येक औषधापुढे शेवटच्या पडताळणीची तारीख असायलाच हवी.

माझी रात्रीची नोंद सकाळी दवाखान्यात पोहोचते, परंतु ती कोणी वाचली का, हे मला दिसत नाही. त्यामुळे त्याच दिवशी तपासायलाच हवा अशा रुग्णासाठी मी पाळी संपल्यावरही थांबतो आणि दवाखाना उघडताच स्वतः फोन करतो.