आपलं काम मागे उरावं, पण कुणाच्या हाती? खानदेशातले तीन मार्ग

मेल्यानंतरही आपलं काम उरावं म्हणून लिहिणाऱ्याला, चितारणाऱ्याला मी कधी नावं ठेवत नाही. ती इच्छा खरी आणि मोठी आहे. प्रश्न असतो मार्गाचा, आणि खानदेशात व त्याच्या सीमेवर तीन मार्ग आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिला दगडाचा. चाळीसगावच्या पलीकडे, कन्नड तालुक्यातल्या डोंगरात पितळखोरा लेणी आहेत. तिथं सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय : कान्हदास, धंद्यानं सोनार. दोन हजारांहून जास्त वर्षं नाव टिकलं, पण माणूस कसा होता ते कळत नाही. अजिंठ्यात नेमकं उलटं. चित्रं जगाला ठाऊक, चित्रकार निनावी. दहाव्या लेण्यात नाव कोरलेलं आहे ते १८१९ साली तिथं पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं. तेव्हा नाव उरायला हवं की काम, हे आधी ठरवा. मी काम निवडेन.

दुसरा मार्ग घराचा. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. बाहेर पडणं क्वचितच. टेबलावर वस्तू मांडून, उजेड-सावलीचा मेळ साधून काढलेली त्यांची छायाचित्रं, चित्रं, शिल्पं आज त्याच वास्तूत पाहता येतात. सगळं एकाच छताखाली, त्यांच्या मनाप्रमाणे राहिलं, हा या मार्गाचा मोठा फायदा. पण जुन्या छायाचित्रांना ओल, वाळवी, ऊन सगळ्यांपासून जपावं लागतं. मागे सांभाळणारी माणसं आणि पैसा नसेल, तर बंद खोलीतलं काम दोन पावसाळ्यांत जाऊ शकतं.

तिसरा मार्ग तोंडी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. शेतात, घरकामात त्या गाणी रचत गेल्या. त्यातली काही मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं उतरवून घेतली. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आलं. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे. मला मात्र राहून राहून त्या गाण्यांची हळहळ वाटते, जी वहीत आलीच नाहीत. मूस यांच्याकडे घर होतं, बहिणाबाईंकडे ऐकणारा मुलगा होता. दोन्हींत मला मुलगा जास्त मोलाचा वाटतो. घराचा कधी लिलाव होतो. मनापासून ऐकणारा माणूस ते गाणं पुढं नेतो.

म्हणून निवड करताना आपल्या कामाचा प्रकार पाहा. चित्रं, मूर्ती, छायाचित्रं असतील तर मूस यांचा मार्ग घ्या, पण हयातीतच न्यास करून कारभारी नेमा. अहिराणी किंवा लेवा बोलीत गाणी, ओव्या रचत असाल तर आवाज मुद्रित करा, शब्दांचे अर्थ शेजारी लिहून ठेवा आणि वही घरातल्या तरुणाच्या हाती द्या. पुस्तक स्वखर्चानं काढलंत तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवा. घरचे गठ्ठे रद्दीत गेले, तरी ती प्रत तिथं कुणालाही मागून वाचता येईल.