'सावर' की 'प्युअर हिरोईन': मोठं होण्याचा अल्बम एकच घ्यायचा असेल तर कुठला घ्याल?

दहावी-अकरावीतल्या मुलीला (किंवा मुलाला, काही फरक पडत नाही) इंग्लिश पॉपचा एक अल्बम द्यायचाय आणि तो मोठं होण्याबद्दल हवाय, असं कोणी म्हटलं की हल्ली दोन नावं हमखास येतात. ऑलिव्हिया रॉड्रिगोचा 'सावर' (Sour) आणि लॉर्डचा 'प्युअर हिरोईन'. बिली आयलिशचा पहिला अल्बमपण लोक सुचवतात आणि तो जबरदस्त आहेच, पण त्यात रात्र, भीती, वाईट स्वप्नं हे जास्त आहे, म्हणून तो इथे बाजूला ठेवते. माझ्या मावसबहिणीसाठी मला हीच निवड करायची होती, तिच्याकडे आता रेकॉर्ड प्लेअर आलाय आणि बाहेरून येणारी नवी एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, काही स्वस्त नसते, म्हणजे चला दोन्ही घेऊन टाकू असं होत नाही. म्हणून दोन्ही परत सलग, नीट ऐकले. दोन्ही उत्तम आहेत. पण दोघींचं वय साधारण सारखं असलं तरी दुखणं वेगळं आहे, आणि ते ज्याला कळलं त्याला निवड सोपी जाते.

आधी माहिती पटकन देऊन टाकते. 'प्युअर हिरोईन' सप्टेंबर २०१३ चा. लॉर्ड म्हणजे एला येलिच-ओ'कॉनर, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची, आई कवयित्री, आणि अल्बम आला तेव्हा ही १६ वर्षांची, १७ पूर्ण व्हायला महिना-दीड महिना बाकी. शाळेच्या टॅलेंट शोमध्ये गायली ते ऐकून युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीने तिला तेव्हाच हेरलं होतं. जोएल लिटल नावाच्या निर्मात्याबरोबर तिने हा अल्बम ऑकलंडमध्येच केला, १० गाणी, ३७ मिनिटं. त्यातलं 'रॉयल्स' अमेरिकेत ९ आठवडे एक नंबरला होतं आणि २०१४ मध्ये त्याला साँग ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. 'सावर' आला २१ मे २०२१ ला, ऑलिव्हिया तेव्हा १८ ची, कॅलिफोर्नियाची, वडिलांकडून फिलिपिनो, आधी डिस्नेच्या मालिकांमध्ये काम करणारी. ११ गाणी, ३५ मिनिटांच्या जरा आतच, निर्माता डॅन नीग्रो. 'ड्रायव्हर्स लायसन्स' जानेवारी २०२१ मध्ये आलं आणि ८ आठवडे एक नंबरला, पुढच्या वर्षी ३ ग्रॅमी, त्यात बेस्ट न्यू आर्टिस्टपण.

आपण मराठी लोक 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' बघत वाढलो, २००८-०९ चं ते पर्व आठवत नाही असं घर सापडणार नाही, आणि ती मुलं खरंच कमाल गायची. पण गायची ती मोठ्यांनी लिहिलेली, मोठ्यांच्या सुखदुःखाची गाणी. सोळा-सतराव्या वर्षी त्या वयाबद्दल त्या वयातच बसून लिहायचं, आठवून नाही, हे या दोन अल्बममध्ये आहे आणि म्हणून मला ते इतके मोलाचे वाटतात. तिशीत गेलेला माणूस सोळाव्या वर्षाबद्दल लिहायला लागला की हमखास गोड करून लिहितो. या दोघींनी गोड केलेलं नाही.

आता ऐकायला कसे आहेत. 'सावर' पहिल्याच मिनिटाला तुम्हाला धरतो. पहिलं गाणं 'ब्रूटल' सुरू होतं व्हायोलिनसारख्या नाजूक तारांनी, तुम्हाला वाटतं चला शांत काहीतरी आहे, तेवढ्यात ती बोलते की मला हे जरा विस्कटलेलं हवंय आणि धाडकन गिटार येते. मग तक्रारींची यादी, सतरा वर्षांचं असणं म्हणजे सोनेरी दिवस म्हणतात ते कुठायत, मी लिहिलेलं एकही गाणं मला आवडत नाही, मला धड गाडीपण पार्क करता येत नाही. अडीच मिनिटांच्या आत संपतं. आमच्या घरात जे गाणं लागल्यावर आतल्या खोलीतून "आवाज कमी कर गं" असं आलं ते हेच, आणि ते तसंच मोठ्याने ऐकायचं गाणं आहे.

'प्युअर हिरोईन' याच्या बरोब्बर उलट. गिटारचा धडाका वगैरे काही नाही, ढोलाचा एक ठोका, बेस, चुटक्या, आणि तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवलेला. 'रॉयल्स' मध्ये तर मागे इतकं कमी वाजतं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं गाणं अजून पूर्ण व्हायचंय. जागा खूप सोडलीये. त्यामुळे एक व्यवहाराची गोष्ट आधीच सांगते, अंधेरीहून चर्चगेट फास्ट लोकल पकडली की उतरेपर्यंत दोन्हीपैकी कुठलाही एक अल्बम जवळपास पूर्ण होतो, पण गर्दीच्या डब्यात साध्या इअरफोनवर 'सावर' टिकतो आणि 'प्युअर हिरोईन' अर्धा वाहून जातो, बेस तर ऐकूच येत नाही. तो रात्री घरात ऐकायचा, सगळे झोपल्यावर, बरे हेडफोन लावून. एलपीवर किंवा चांगल्या स्पीकरवर ऐकणार असाल तर मात्र पारडं लॉर्डच्या बाजूला झुकतं.

दोन्ही अल्बममध्ये गाडी आहे आणि उपनगरातले रस्ते आहेत, आणि तिथेच फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. 'ड्रायव्हर्स लायसन्स' सुरू होतं गाडीचं दार उघडं राहिल्यावर जो टिंग टिंग आवाज येतो त्याने, आणि तोच ठोका हळूच पियानोचा होतो, ही करामत पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी तो तुकडा परत परत लावला. लायसन्स मिळालंय, ज्याच्याकडे जायचं म्हणून काढलं तोच आता नाही, मग ती त्याच्या घराच्या रस्त्यावरून एकटीच गाडी चालवत जाते. तिकडे लॉर्डच्या 'फोर हंड्रेड लक्स' मध्येपण गाडीच आहे, सारखी दिसणारी घरं आहेत, कोणीतरी न्यायला येतो, संत्र्याचा ज्यूस घेऊन देतो, करायला काही नाही म्हणून दोघं नुसते फिरतात, आणि त्या काहीच न घडण्यावर तिचं प्रेम आहे. एकीच्या गाडीत बाजूची सीट रिकामी, दुसरीच्या गाडीत भरलेली. पूर्ण अल्बमचं तसंच आहे. 'सावर' एकटीचा आहे, 'प्युअर हिरोईन' ग्रुपचा आहे.

आपल्याकडे अठरापर्यंत गाडीचं लायसन्स नाही आणि मुंबईत अठरानंतर तरी गाडी चालवून जाणार कुठे, इथे मोकळीक मिळते ती अकरावीत कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घेऊन काढलेल्या लोकलच्या पासाने. पहिल्यांदा एकटीने दादरला उतरणं, पूल चढून वेस्टर्नला जाणं, घरी न सांगता एखादं स्टेशन पुढे जाऊन येणं. त्यामुळे गाडीची गाणी आपल्याला लागू होत नाहीत असं बिलकुल नाही. उलट लॉर्डचं 'टीम' मला कायम भांडुप, मुलुंड, दहिसरच्या पोरांसाठी लिहिल्यासारखं वाटतं, पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या शहरांबद्दल आहे ते, आणि सिनेमातली मुंबई म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि बँडस्टँड, आमचं स्टेशनबाहेरचं मार्केट त्यात कधी आलं? त्या गाण्यात तक्रार नाहीये, आम्ही इथले आहोत आणि एकमेकांच्या बाजूने आहोत एवढंच आहे, आणि एवढंच पुरेसं आहे.

आणि मग 'रिब्ज'. दोन्ही अल्बम मिळून एकच गाणं निवडा म्हटलं तर मी हे निवडेन, विचारसुद्धा करणार नाही. सव्वाचार मिनिटांचं आहे. सुरुवातीला नुसते आवाज, तिचेच, लांबून येणारे, बीट लगेच येतच नाही, आणि आला की तो शेवटपर्यंत थांबत नाही. आई-वडील घरी नसताना केलेली पार्टी, कोणीतरी अंगावर सांडलेलं ड्रिंक, एकच गाणं रिपीटवर ठेवलेलं, मैत्रिणीबरोबर लहान मुलांसारखं एकाच गादीवर झोपणं आणि बरगड्या दुखेपर्यंत हसणं. आणि या सगळ्याच्या मधोमध तिला भीती वाटते की आपण मोठे होतोय आणि हे परत नाही येणार. सोळाव्या वर्षी! शेवटी तर शब्द एकमेकांवर चढत जातात, श्वास घ्यायला जागा नाही. दहावीनंतर शाळेचा ग्रुप फुटतो ना, एक सायन्सला, एक कॉमर्सला, ऑनलाइन ॲडमिशनच्या राउंडमध्ये कोणाला कुठलं कॉलेज लागेल ते कोणाच्या हातात नसतं, तेव्हा पोटात जे होतं ते मला या गाण्याइतकं नेमकं दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

'सावर' मध्ये असं काही नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. 'जेलसी जेलसी' हे गाणं प्रत्येक आई-बाबांनी एकदा ऐकावं असं मला मनापासून वाटतं. फोनमध्ये दिसणाऱ्या परफेक्ट मुलींशी स्वतःची तुलना करत राहणं, ते खोटं आहे हे माहीत असून करत राहणं, आणि त्याने आतून कुरतडलं जाणं. २०१३ मध्ये हे इतकं नव्हतं, लॉर्डला त्याची चाहूल आहे पण ऑलिव्हिया त्यातच राहते. तुमच्या घरातली मुलगी तासन्‌तास इन्स्टावर असेल आणि नंतर गप्प गप्प असेल तर तिला तिची बाजू घेणारं कोणीतरी 'सावर' मध्येच भेटेल. शेवटचं 'होप यू आर ओके' पण खूप हळवं आहे, ज्यांच्या घरात त्यांना त्रास होता अशा जुन्या ओळखीच्या मुलांबद्दल, आता बोलणं नाही पण तुमचं बरं चाललेलं असू दे एवढंच म्हणणारं. अकरापैकी हे एकच गाणं पूर्णपणे दुसऱ्या कोणाबद्दल आहे, आणि ते शेवटी ठेवलंय हे मला फार आवडतं.

आता उणं. 'सावर' चा मधला भाग एकाच ब्रेकअपभोवती फिरतो, 'ट्रेटर', 'इनफ फॉर यू', 'हॅपियर', 'फेव्हरिट क्राइम', सगळी सुंदर पण सलग ऐकली की तोच मुलगा, तीच जखम, आणि ज्याला त्या जखमेचा अनुभव नाही त्याचं लक्ष उडतं. दुसरं, शिव्या आहेत. 'ड्रायव्हर्स लायसन्स' च्या मधल्या चढत्या भागातपण आहे, सिनियर सिटिझन घरात असतील तर स्ट्रीमिंगवर क्लीन व्हर्जन मिळतं ते लावा, मला स्वतःला त्या शिव्या अगदी खऱ्या वाटतात. आणि कोणी सांगेल की हिने चाली उचलल्यात, तर खरी गोष्ट एवढीच की 'गुड फॉर यू' वर नंतर पॅरामोर या बँडच्या दोघांना आणि 'देजा वू' वर टेलर स्विफ्ट वगैरेंना गीतकार म्हणून श्रेय दिलं गेलं, सगळं उघडपणे. मला त्याने गाणी कमी आवडत नाहीत.

'प्युअर हिरोईन' चं उणं म्हणजे उत्तरार्ध. 'ग्लोरी अँड गोर' पासून 'व्हाइट टीथ टीन्स' पर्यंत लय साधारण एकच राहते, आवाजाचा पोतपण तोच, कुठलं गाणं संपलं आणि कुठलं सुरू झालं कळत नाही. पहिल्या ऐकण्यात "काय हे संथ" असं पोरं म्हणतात, आणि ज्याला नाचायचंय त्याला हा देऊच नका. पण शेवटचं 'अ वर्ल्ड अलोन' मात्र सोडू नका. अल्बमची पहिली ओळ लोकांच्या कंटाळवाण्या बोलण्याबद्दल आहे आणि शेवटची, बोलू देत त्यांना अशी, म्हणजे रिपीटवर ठेवला की शेवट सुरुवातीला जाऊन चिकटतो. सोळा वर्षांच्या मुलीने हे रचलंय.

तर कोणाला काय द्यायचं. ज्याचं नुकतंच काही तुटलंय, पहिलं प्रेम असेल, जिवाभावाची मैत्री असेल, त्याला 'सावर', दुसरा विचार नको, त्या माणसाला आत्ता सोबत रडणारं आणि चिडणारं कोणीतरी हवंय आणि ऑलिव्हिया ते काम जिवापाड करते. इंग्लिश गाणी नवीनच ऐकायला लागलेल्यालाही 'सावर' च, शब्द सरळ आहेत, चाली लगेच तोंडात बसतात. ज्या आई-बाबांना, मावशी-काकांना मुलांच्या डोक्यात काय चाललंय हे समजून घ्यायचंय त्यांनीपण 'सावर' पासून सुरुवात करावी. आणि ज्याचं काहीच तुटलेलं नाही, सगळं ठीक चाललंय पण तरी संध्याकाळी उगाच कसंतरी होतं, त्याच्यासाठी 'प्युअर हिरोईन'.

मी मावसबहिणीला 'प्युअर हिरोईन' घेतला. तिचा शाळेचा ग्रुप यंदा चार कॉलेजांत विखुरलाय, ती त्यावर काही बोलत नाही, आणि मुलगा वगैरे विषय अजून नाही. शिवाय एलपी म्हणजे बरीच वर्षं राहणारी वस्तू, आणि माझ्या मते या दोघांत वयाबरोबर जास्त टिकणारा हाच आहे. मी हा अकरावीत असताना ऐकला आणि आता नोकरी करतेय तरी 'रिब्ज' लागलं की हातातलं काम थांबतं, तेव्हा वीसची भीती होती, आता तिशीची. 'सावर' तिने तसाही फोनवर ऐकलेला असणार, वर्गातल्या निम्म्या मुलींना 'गुड फॉर यू' पाठ असतं.

घेतलेला आवडला तर पुढचं पण सांगून ठेवते. 'सावर' नंतर लगेच 'गट्स' ऐकता येईल, २०२३ चा, तिथे ऑलिव्हिया विशीत पोचलीये आणि गिटार आणखी मोठ्या झाल्यात. लॉर्डचा दुसरा 'मेलोड्रामा' २०१७ चा, चार वर्षांनी आलेला, आणि तो द्यायला जरा थांबा, बारावी-एफवायपर्यंत तरी, कारण त्यातलं एकटेपण १९-२० वर्षांचं आहे.