कॉपलीनं रंगवलेल्या दोन बायका

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगलटन कॉपलीची दोन तैलचित्रं. मिसेस गेज (१७७१) सॅन दिएगोत, मिसेस विन्थ्रॉप (१७७३) न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. गेजबाई ब्रिटिश सेनापतीची बायको: तुर्की थाटाचा झगा, गालाला हात, नजर कुठंतरी हरवलेली. चित्र देखणं आहे, पण थोडं नाटकी वाटतं. विन्थ्रॉपबाई हार्वर्डच्या प्राध्यापकाची बायको. निळं सॅटिन, लेसची टोपी, चेहऱ्यावर वय लपवलेलं नाही. हातात नेक्टरिनची (पीचसारख्या फळाची) डहाळी. आणि खाली ते टेबल! लाकूड इतकं घोटलेलं, की बाईंचे हात, बाहीची लेस, फळं, सगळं त्यात उलटं उमटलंय. मी चेहरा सोडून तिथंच अडकतो. एकच निवडायचं तर विन्थ्रॉपबाई, टेबलासकट.