नादातला शब्द की बोलीतला?

अद्भुतरम्य (फॅन्टसी) कादंबरी लिहिताना नवे शब्द घडवण्याची संस्कृत धातूंची वाट मी लवकरच सोडली, कारण 'तमोवाहिनी', 'छायापाल' असे शब्द व्याकरणात चोख बसत असले तरी मायावी गुहेपेक्षा सरकारी राजपत्राची आठवण अधिक करून देतात. खरी निवड उरते ती निव्वळ नादातून शब्द निर्माण करणे आणि बोलीतला शब्द वळवून घेणे या दोहोंत.

नादाची मोहिनी मोठी आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी आपल्या कल्पित भाषांपैकी क्वेन्यासाठी फिनिशचा आणि सिंदारिनसाठी वेल्शचा नाद आधाराला घेतला. त्याच ओढीने मी अंधारात चमकणाऱ्या एका मादी प्राण्याला 'झोरख' म्हटले. अडचण दुसऱ्याच पानावर आली. 'वीट'चे 'विटेला' होते आणि 'भिंत'चे 'भिंतीला', तर माझ्या प्राण्याला 'झोरखेला' म्हणावे की 'झोरखीला'? शंभर पानांनंतर पाहतो तो मी दोन्ही रूपे लिहून बसलो होतो. टॉल्किन यांचे कथन इंग्रजीत असल्याने त्यांच्या नामांवर हा प्रसंग येत नाही. मराठीत मात्र नवे नाम जवळजवळ प्रत्येक वाक्यात सामान्यरूपाची परीक्षा देते. गावांच्या नावांसाठी ही पद्धत चालून जाईल, कारण लातूरला, नांदेडला म्हणताना मूळ नाव जागचे हलत नाही.

बोलीकडे वळल्यावर हा जाच संपला. मराठवाड्यात जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, पुष्कळ. माझ्या कथेत अशाच एका बारवेच्या तळाशी दुसऱ्या जगाचे दार आहे आणि ते राखण्याच्या वंशपरंपरागत हक्काला मी पाटीलकीच्या धर्तीवर 'बारवकी' हे नाव दिले. 'बारवकीवरून दोन घराणी भांडली' असे लिहिताना हात अडखळला नाही, आणि अर्थही कोणी विचारला नाही.

या वाटेलाही उणेपण आहे. परभणीकडच्या वाचकाला अशा शब्दांचे फारसे नवल वाटत नाही. उलट पुण्याच्या एका स्नेह्यांनी 'माळवद' (मातीचे सपाट छप्पर) हा शब्द मीच घडवला असे समजून माझे कौतुक केले; खरे तर लहानपणीचे सगळे उन्हाळे मी माळवदावर झोपून काढले आहेत.

तुमचे कल्पित जग या मातीपासून फार दूरचे असेल, तर कदाचित नादच बरा ठरेल. मात्र शब्द पक्का करण्यापूर्वी तो 'ला', 'ने', 'चा' या प्रत्ययांसह आणि अनेकवचनात लिहून पाहावा. मी झोरख काढून टाकली. तिच्या जागी आता काजव्यावरून केलेली 'काजवीण' आहे आणि काजविणीला, काजविणीने, काजविणींचा हे सारे वाघिणीच्या चालीवर आपोआप होते.