संध्याकाळचा एक तास: मल्लखांब की अबॅकस?

पाच-सहा वर्षांचं मूल, अंगात वारं शिरल्यासारखं, अभ्यासाला दोन मिनिटं टेकत नाही. आणि लोकलचा प्रवास वजा जाता आई-बाबांकडे त्याच्यासाठी संध्याकाळचा एकच तास. तो मल्लखांबाला द्यावा की अबॅकसला? अशा मुलासाठी मी मल्लखांब निवडेन.

अबॅकसच्या बाजूने बोलायचं तर क्लास गल्लोगल्ली आहेत, पावसाळ्यात बुडत नाहीत आणि आकडेमोड खरोखर पक्की होते. पण त्याने वर्गातलं लक्षही वाढतं, याचे पुरावे तोकडे आहेत. जे शिकवलं जातं, त्यातच प्रगती दिसते. शिवाय दिवसभर बाकावर बसून आलेल्या मुलाला पुन्हा बसवायचं, हे मला पटत नाही. बुद्धिबळाचंही तसंच. मूल स्वतःहून पटाशी रमत असेल तर मात्र जरूर पाठवा.

मल्लखांबात ऊर्जा दाबावी लागत नाही, ती कामाला लागते. खांबाला नमस्कार, मग उडी, मग साधी अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड. पकड सुटली की घसरण लगेच कळते, कुणाला ओरडावं लागत नाही. आणि रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबणं, पुढच्याची उडी बघणं, हा थांबण्याचा सराव मुलं आनंदाने करतात. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५पासून हे शिकवत आलंय. पडण्याची भीती रास्त आहे. खाली गादी आणि शेजारी प्रशिक्षक नसेल तर तिथे मूल सोडूच नका.

आठवड्यातून दोनदा क्लास मात्र पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी; तीन-चार वर्षांच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली किमान ६० मिनिटं दमवणारी. उरलेल्या दिवशी सोसायटीचं आवार, जिना, चौपाटी, काहीही चालेल. रात्री आठचा क्लास टाळा, कितीही चांगला असला तरी. झोप कमी पडलेलं मूल बऱ्याचदा पेंगत नाही, उलट जास्तच उधळतं.

घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ या चंचलपणाचा त्रास होत असेल तर क्लास शोधण्याआधी बालविकासतज्ज्ञांना दाखवा. परळचं वाडिया तर मुलांचंच रुग्णालय आहे. सहा वर्षांखालच्या मुलांत अतिचंचलतेचं निदान झालं, तरी आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण देतात, औषधाचा विचार त्यानंतर.

मल्लखांब ठरलाच तर पैसे भरण्याआधी एक तास कडेला उभं राहून बघा: एका खांबामागे किती मुलं आहेत, आणि लहानग्यांचा नंबर तासात कितीदा येतो. दोन-तीनदाच येत असेल तर दुसरी बॅच मागा.